कॅसेटवाल्याला विचारा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की जुन्या इंग्रजी गाण्यांबद्दल काही विचारायचं असेल तर पोस्टकार्ड टाका, व्हॉट्सअॅप करा, पण विचारा. बारा जणांनी विचारलं. त्यातल्या तिघांचा प्रश्न एकच, ‘दुकान पुन्हा कधी उघडताय?’ नाही उघडत. परभणीतलं स्टेशन रोडवरचं ते आठ बाय दहाचं कॅसेटचं दुकान गेलं, आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. उरलेल्यांपैकी आठ जणांना उत्तरं देतो. नववा प्रश्न माझ्या वयाबद्दल होता.

आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जातो. पोरगा बारावीला आहे. त्यानं मोबाइलवर एक इंग्रजी गाणं लावलं न् म्हणाला, ‘बापू, हे आपलंच गाणं हाय.’ सोळा टन माल भरणाऱ्या मजुराचं आहे म्हणे. आमचा एक कोयता दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन पाडतो. एकटा माणूस सोळा टन कसा भरील? पोराला कुणी येड्यात काढलंय का?
– एक वाचक, धारूर

पोराला कुणी येड्यात काढलेलं नाही. गाण्याचं नाव ‘सिक्स्टीन टन्स’. पण आधी तुमचा हिशेब बघू, कारण तो रास्त आहे. हा ऊस नाही, दगडी कोळसा आहे. तोडा, मोळी बांधा, डोक्यावरून गाडीत चढवा असं काम नाही. सुरुंगानं फुटलेला कोळसा फावड्यानं डब्यात भरायचा. शिवाय अमेरिकेतला टन आपल्या काट्यावरच्या टनापेक्षा हलका, दोन हजार पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. तरी सोळा टनांचे साडेचौदा हजार किलो होतातच. तेव्हा तिसरी गोष्ट अशी, की गाण्यातला गडी फुशारकी मारतोय. पारावर बसून ‘मी एकट्यानं आठ दिवसांत विहीर खांदली’ असं सांगणारे आपल्याकडं असतात, त्यातला.

फुशारकीच्या खालचं दुखणं मात्र खरं आहे. हे गाणं केंटकी राज्यातल्या मर्ल ट्रॅव्हिसनं १९४६ साली रेकॉर्ड केलं. त्याचा बाप कोळशाच्या खाणीत कामाला. खाण कंपनीची, राहायचं घर कंपनीचं, किराणा दुकानही कंपनीचं. बऱ्याच ठिकाणी पगार नोटांत मिळायचाच नाही. कंपनीची टोकनं मिळायची आणि ती फक्त कंपनीच्याच दुकानात चालायची. उधारी पगारातून कापली जायची. बाप म्हणायचा, मला मरणंसुद्धा परवडत नाही, माझा जीव कंपनीच्या दुकानात गहाण पडलाय. ट्रॅव्हिसच्या भावानंही एका पत्रात लिहिलं होतं, की सोळा टन भरून मिळतं काय, तर वय एका दिवसानं वाढतं आणि कर्ज आणखी वाढतं. ट्रॅव्हिसनं बापाचं वाक्य आणि भावाचं वाक्य उचलून गाण्यात ठेवलं.

‘उचलून’ हा शब्द लिहिताना मला तुमची उचल आठवली. दसऱ्याच्या आधी मुकादम दारात येतो, उचल देतो, तुम्ही सहा महिने पाचटात राबता आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, हिशेब लागतो तेव्हा काहीतरी अंगावर राहिलेलंच असतं. पोरगा उगाच नाही म्हणाला आपलं गाणं.

ट्रॅव्हिसचं रेकॉर्ड फारसं कुणी ऐकलं नाही. १९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्ड या भरदार गळ्याच्या माणसानं ते गायलं, तेही तव्याच्या, म्हणजे रेकॉर्डच्या, बी साइडला, मागच्या बाजूला. लोकांनी तवा उलटा केला आणि महिन्याच्या आत दहा लाखांवर प्रती खपल्या. त्यात चुटक्या ऐकू येतात ना? तालीम चालू असताना वादकांना लय कळावी म्हणून फोर्ड चुटक्या वाजवत होता. निर्माता आतून म्हणाला, ते राहू दे.

मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत. माझे वडील मीटर गेजच्या इंजिनावर फायरमन. फावडं न् कोळसा हे आमच्या घरचं भांडवल. शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे, त्यांच्याकडं रेकॉर्ड प्लेअर. त्यांनी एका रविवारी वडिलांना बोलावून हे गाणं ऐकवलं आणि हिंदीत अर्थ सांगितला, ‘ये तेरा गाना है.’ वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘रोज किती पडतो म्हणं त्याला?’

आमच्या घरी नाताळात आजोबांची जिम रीव्हजची कॅसेट लागतेच लागते. चर्चमधल्या सगळ्या घरांत लागते. हा माणूस कानाशी येऊन बोलल्यासारखा का वाटतो? आणि तो अजून आहे का?
– एक वाचक भगिनी, जालना

ताई, नाही. ३१ जुलै १९६४ ला गेला. स्वतःचं छोटं विमान स्वतः चालवत टेनेसीतल्या नॅशव्हिलला परत येत होता, वादळी पावसात सापडला. विमान पडलेलं सापडायला दोन दिवस लागले. वय चाळीस, एक्केचाळिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता.

कानाशी बोलल्यासारखा वाटतो, कारण तो खरंच मायक्रोफोनच्या कानाशी बोलायचा. टेक्सासचा हा गडी आधी बेसबॉल खेळायचा, पाय दुखावला, मग रेडिओवर निवेदक झाला. तेव्हाचे कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांचे, गायक बहुतेक गळा ताणून गात, भरल्या बाजारात हाक मारावी तसे. रीव्हजही सुरुवातीला तसाच गायचा. १९५७ च्या ‘फोर वॉल्स’ला त्यानं आवाज खाली आणला आणि ओठ मायक्रोफोनला टेकतील इतका जवळ गेला. निर्माता चेट अॅटकिन्स, स्वतः मोठा गिटारवाला, त्याच्या पाठीशी राहिला. व्हायोलिनचा मुलामा, मागून मंद कोरस, मधोमध हा गळा. याच घडणीला पुढं ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणाले. मग १९५९ च्या अखेरीस ‘ही’ल हॅव टु गो’ आलं. त्यात बारमधून एक जण प्रेयसीला फोन करतो आणि म्हणतो, ओठ जरा फोनजवळ आण. अशा गाण्याला हाच आवाज पाहिजे होता. तेही बी साइडलाच होतं! कंट्रीच्या यादीत चौदा आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं.

माझ्या दुकानातला अनुभव सांगतो. जालन्याहून, अंबडहून लोक ऑक्टोबरपासूनच यायचे, ‘नाताळाचा जिम रीव्हज भरून द्या.’ १९६३ च्या त्या नाताळ-तव्याला सुया लावून लावून माझ्याकडं चर पडली होती, त्यामुळं एका ठिकाणी तो एकच शब्द तीनदा म्हणायचा. ती चूक जालन्यात किमान चाळीस घरांत असणार. तुमच्या आजोबांच्या कॅसेटमध्ये घंटांच्या गाण्यात तो अडखळत असेल, तर ती माझ्याच दुकानातली.

तो गेल्यावर त्याच्या पत्नीनं, मेरीनं, राहिलेली ध्वनिमुद्रणं एकेक करून बाहेर काढली. ‘डिस्टंट ड्रम्स’ हे १९६६ मध्ये, म्हणजे मरणानंतर दोन वर्षांनी, इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. त्याच्या साध्या कच्च्या मुद्रणावर वाद्यवृंद नंतर चढवला होता.

तुमच्या दुकानातली ‘बोनी एम’ची कॅसेट माझ्याकडं अजून आहे. कागदावर तुमच्या अक्षरात ‘गायक: बॉबी फॅरेल’ असं आहे. भाचा म्हणतो, तो माणूस कधी गायलाच नाही. खरं काय?
– एक वाचक, मानवत

भाचा बरोबर. मी चूक. तव्याच्या पाकिटावर छाती उघडी टाकून नाचणारा एकच पुरुष होता, म्हणून मी निळ्या बॉलपेननं त्याचंच नाव टाकलं आणि परभणी जिल्हाभर वाटलं.

बोनी एम हा गाण्याचा गट उभा केला तो फ्रँक फारियान या जर्मन निर्मात्यानं. त्या तव्यांवर पुरुषाचा जो घोगरा आवाज येतो, तो फारियानचा स्वतःचा. बायकांच्या आवाजांत लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट खऱ्या गाणाऱ्या. चौथी, मेझी विल्यम्स, तव्यावर नाही. बॉबी फॅरेल अरूबा बेटावरचा, स्टेजवर नाचायचा आणि ओठ हलवायचा. आपल्याकडं पडद्यावर कोण आणि गळा कुणाचा हे लहान पोरालाही ठाऊक असतं, त्यात फसवणूक कुणाला वाटत नाही. तिकडं पुढं फारियाननंच मिली व्हॅनिली नावाची जोडी अशीच उभी केली, तेव्हा गहजब झाला आणि १९९० मध्ये त्यांचं ग्रॅमी परत घेतलं गेलं.

‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हेसुद्धा त्यांचं मूळ नाही. जमैकाच्या मेलोडियन्स या गटानं ते १९७० मध्ये गायलं, शब्द बहुतेक बायबलमधल्या १३७ व्या स्तोत्रातले. देशोधडीला लागलेल्यांचं रडगाणं आहे ते. आपण त्यावर वराती नाचवल्या. मी तर बँडवाल्यांनाही भरून दिलं.

एक सांगतो, मग पुढं जाऊ. ‘रास्पुतिन’ या गाण्यावर नाचून फॅरेल जगभर ओळखला गेला. रास्पुतिन म्हणजे रशियाच्या झारच्या दरबारातला साधू, त्याचा खून सेंट पीटर्सबर्गमध्ये ३० डिसेंबर १९१६ ला झाला. फॅरेल वारला तो ३० डिसेंबर २०१० ला, सेंट पीटर्सबर्गच्याच एका हॉटेलात, कार्यक्रम करून आल्यावर. कागदावर त्याचं नाव खोडू नका, तसंच राहू द्या. खाली फारियानचं तेवढं लिहा.

किनवटच्या जंगलातनं गाडी जाताना आम्ही मित्र ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ लावतो. जॉन डेन्व्हर वेस्ट व्हर्जिनियाचा होता ना?
– एक वाचक, किनवट

नव्हता. जन्म न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलचा, बाप हवाई दलात, त्यामुळं बदल्यांवर बदल्या. खरं आडनाव डॉइशेनडॉर्फ. ते तव्यावर मावेना म्हणून कोलोरॅडोच्या राजधानीचं नाव घेतलं.

आणि गाण्याची मजा तर पुढंच आहे. ते सुचलं बिल डॅनोफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडप्याला, मेरीलँडमधल्या एका वळणावळणाच्या रस्त्यानं नातेवाइकांकडं जाताना. डॅनोफनं तोवर वेस्ट व्हर्जिनिया पाहिलेलंच नव्हतं. तो मॅसॅच्युसेट्सचा, ते नावही लयीत बसत होतं, म्हणजे गाणं तिकडंही वळलं असतं. त्याच्या मनात हे गाणं जॉनी कॅशला द्यायचं होतं. डिसेंबर १९७० च्या शेवटच्या दिवसांत डेन्व्हर वॉशिंग्टनच्या सेलर डोअर क्लबात गायला आला होता, रात्री कार्यक्रमानंतर या दोघांच्या खोलीवर गेला आणि तिघांनी पहाटेपर्यंत बसून ते पुरं केलं. दुसऱ्या रात्री स्टेजवर कागद हातात धरून गायले. २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियानं त्याला राज्याच्या अधिकृत गीतांत घेतलं. त्यातली ब्लू रिज पर्वताची रांग आणि शेनँडोआ नदी त्या राज्याच्या अगदी कडेला थोडी थोडी लागतात, बाकी सगळी बाहेर, शेजारच्या व्हर्जिनियात नि इतर राज्यांत. म्हणजे सहस्रकुंड धबधब्याचं गाणं लिहून त्यात नांदेडचा पत्ता टाकावा, पण धार अर्धी पलीकडच्या काठावर, यवतमाळात असावी, तसं. किनवटकर कशाला तक्रार करतील?

डेन्व्हरही विमानानंच गेला, १२ ऑक्टोबर १९९७, स्वतः चालवत होता. या लोकांना कुणीतरी एसटीचा पास द्यायला हवा होता.

घरात भांडण आहे. मी म्हणतो ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ व्हिटनी ह्यूस्टनचं. मुलगी म्हणते डॉली पार्टनचं. पैज पुरणपोळीवर लागली आहे.
– एक वाचक, उदगीर

पुरण शिजायला टाका. मुलगी जिंकली.

डॉली पार्टन टेनेसीच्या डोंगरातली, बारा भावंडांत चौथी. १९६७ पासून ती पोर्टर वॅगनर या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात होती. पुढं तिला आपलं स्वतंत्र करायचं होतं, तो सोडेना, रोज वाद. तोंडानं सांगून त्याला पटेना म्हणून तिनं घरी जाऊन हे गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला गाऊन दाखवलं. म्हणजे नवरा-बायकोचं किंवा प्रियकराचं नाही. नोकरी सोडतानाचं गाणं आहे ते. राजीनामाच. १९७४ मध्ये कंट्रीच्या यादीत पहिलं आलं.

मग एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. डॉली हरखून गेली. पण एल्व्हिसचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर म्हणाला, प्रकाशनाचे निम्मे हक्क आमच्या नावावर कर. डॉलीनं नाही म्हणून सांगितलं आणि रात्रभर रडली. एल्व्हिस म्हणजे तेव्हा देवच की हो. पण बाईनं सातबारा हलू दिला नाही. जमीन कुणी कसायला मागितली तर द्यायची, उताऱ्यावर नाव आपलंच. १९९२ मध्ये व्हिटनीनं ‘द बॉडीगार्ड’ सिनेमासाठी ते गायलं, चौदा आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं, आणि लेखिकेचा वाटा डॉलीच्या घरी आला.

इथं मला माझंही सांगितलं पाहिजे. मी सतरा वर्षं बारा रुपयाला साठ मिनिटं या भावानं लोकांची गाणी भरून विकली. लिहिणाऱ्याला छदाम दिला नाही, गाणाऱ्यालाही नाही. आम्ही सगळेच तसं करत होतो, त्याला चोरी म्हणतात हेच डोक्यात नव्हतं. आता या सदरात निदान नावं तरी सांगतोय.

व्हिटनीबद्दल तुमचं मन राखायला एक: सुरुवातीला वाद्यं नाहीत, नुसता गळा, ती कल्पना सिनेमातला नट केव्हिन कॉस्नर याची. तो सुरुवातीचा भाग मी व्हिटनीच्या नावावर लिहायला तयार आहे.

किशोरकुमारांचं ‘उडली-उडली’ कंट्री गाण्यातनं आलं असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, नांदेड

त्या ‘उडली-उडली’ला यॉडलिंग म्हणतात, ते मूळ आल्प्स पर्वतातल्या गुराख्यांचं, एका डोंगरावरून दुसऱ्यावर हाक मारायचं. किशोरकुमारांनी ते परदेशी तवे ऐकून उचललं आणि त्यात जिमी रॉजर्सचं नाव नेहमी निघतं. हा रॉजर्स रेल्वेत ब्रेक्समन होता, म्हणून त्याच्यावर माझा जरा जास्तच जीव. क्षयानं रेल्वे सुटली, १९२७ मध्ये पहिलं ध्वनिमुद्रण, त्याच साली पहिलं ‘ब्लू यॉडेल’. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटची गाणी गायला गेला तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये पडून राहायला स्टुडिओत खाट टाकली होती. २४ तारखेला शेवटचं गायला, २६ ला गेला. पस्तीस वर्षांचा.

एंगलबर्ट हम्परडिंक मद्रासचा, हे खरं?
– एक वाचक, अंबाजोगाई

खरं. १९३६, मद्रास, मूळ नाव आर्नल्ड डॉर्सी. दुसरा इंग्लिश गायक क्लिफ रिचर्डही आपल्याकडचाच, लखनौचा, १९४० चा. एंगलबर्टचं ‘रिलीज मी’ हे जुनं कंट्री गाणं. १९६७ मध्ये त्यानं इंग्लंडात बीटल्सना पहिल्या नंबरावर चढू दिलं नाही.

राहिलं एक पत्र. हे व्हॉट्सअॅपवर आलं, सोबत फोटो.

सर, तुमच्याकडं १९८४ ला भरलेली कॅसेट आहे, टेनेसी अर्नी फोर्ड आणि इतर. बी साइडला शेवटच्या गाण्यानंतर एक माणूस म्हणतो, ‘लाईट गेली का रं?’ आम्ही घरात ते म्हणून हसतो. गेल्या आठवड्यात टेपमध्ये गुंतली न् तुटली. जोडून मिळेल का? तो आवाज तुमचा का?
– एक वाचक, सेलू

माझा नाही. पहिल्या वर्षी माझ्याकडं दोन यंत्रं जोडायची वायर नव्हती. रेकॉर्ड प्लेअरच्या स्पीकरपुढं टू-इन-वन ठेवून भरायचो, त्यामुळं दुकानात कुणी खोकललं तरी कॅसेटमध्ये यायचं. रेकॉर्डिंग चालू असताना दुकानात बोलायची परवानगी नसलेला आणि तरी बोलणारा एकच माणूस होता. माझे वडील. रेल्वेतनं रिटायर झाल्यावर दिवसभर स्टुलावर बसून असायचे.

कॅसेट जोडून मिळेल, मी येईपर्यंत असं करा. कॅसेट वाजवून बघू नका. साधी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक उन्हाळ्यात सुटतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो. बाहेर आलेली फीत हातानं ओढू नका, आतही कोंबू नका. वहीच्या कागदात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. मोबाइलच्या दुकानात दुरुस्तीला तर अजिबात देऊ नका. जोडायची पट्टी माझ्याकडं थोडी शिल्लक आहे, ती मागच्या बाजूनं लावावी लागते. स्क्रूची असेल तर पाच स्क्रू निघतात. तुमच्या फोटोत मला चिकटवलेली दिसतेय, ती उघडायला पातळ ब्लेड लागेल.

रविवारी सकाळच्या गाडीनं सेलूला येतो. पत्ता कळवा. टेपरेकॉर्डर तुमचा चालू आहे ना, एवढं बघून ठेवा.